स्टिअरिंग का कुरकुरतं? एका आवाजाचा दोनशे वर्षांचा इतिहास

(आपल्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जसं झालं, जवळपास तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन आहेत ना? बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर रात्री गादीवर पडून ऐकत असाल. आजची गोष्ट आवाजाचीच आहे. पण हा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी तब्बल दोन महिने गाडीतली गाणी मोठ्यानं लावत होतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी गाडी सेकंडहँड, बऱ्यापैकी जुनी. पार्किंगमधून बाहेर काढताना स्टिअरिंग फिरवलं की खालून आवाज यायचा, "खट्". परत उलटं फिरवलं की परत "खट्". सुरुवातीला वाटलं, जुनी गाडी आहे, कुरकुरणारच. मग एक दिवस गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं दोन मिनिटं चालवून पाहिली आणि निकाल दिला, "रॅक गेलीये. पूर्ण बदलावी लागेल." आकडा सांगितला तो पाच आकडी होता. माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते. आणि पुढच्याच रविवारी आई-बाबांना घेऊन पुण्याहून साताऱ्याला जायचं होतं. म्हणजे वाटेत खंबाटकी घाट.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात. उभं आयुष्य मुंबईत टॅक्स्या दुरुस्त करण्यात गेलं, आता निवृत्त. त्यांना सहज विचारलं. ते खाली आले. बॉनेट उघडलं नाही, पाना हातात घेतला नाही. नुसते चार प्रश्न विचारले.

एक, गाडी उभी असताना येतो की चालतानाच?
दोन, फक्त वळवल्यावर येतो की खड्ड्यातून जातानाही?
तीन, एक्सलेटर दिला की आवाज बदलतो का?
चार, आवाज हाताला लागतो की पायाला?

तेव्हा मला वाटलं, काका उगाच डॉक्टरसारखं करतायत. नंतर या विषयावर वाचायला बसलो तेव्हा कळलं, या चार प्रश्नांमध्ये स्टिअरिंगचा सगळा इतिहास बसतो. गाडी वळवायचं काम माणसानं ज्या ज्या भागावर सोपवलं, तो तो भाग पुढे आवाज करायला लागला. चला, पहिल्यापासून बघू.

चार चाकं आणि एक अडचण

आपली बैलगाडी घ्या. चाकं दोनच. वळायचं असेल तर बैल वळतात, मागोमाग गाडी वळते. स्टिअरिंग नावाचा भागच नाही. आवाज येणार तो आस आणि चाक जिथे घासतात तिथून. त्यावर एकच उपाय, वंगण. म्हणून गाडीखाली वंगणाचं भांडं टांगलेलं असायचं.

अडचण सुरू झाली चार चाकांच्या घोडागाडीत. पुढची दोन चाकं एकाच आसावर, आणि तो अख्खा आस मधल्या एका जाड खिळ्याभोवती फिरायचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया आठवतायत? निदान फोटोत पाहिल्या असतील. पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान. कारण आस वळला की चाकाला गाडीच्या पोटाखाली जायला जागा हवी. शिवाय जोरात वळलं की एका बाजूचा आधार आत सरकायचा आणि गाडी कलंडायची भीती.

यावर तोड काढली म्युनिकमधल्या गेऑर्ग लांकेन्सपेर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिरानं, १८१७ च्या सुमारास. त्यानं आस जागेवरच ठेवला आणि पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतःचा वेगळा सांधा दिला. दोन्ही चाकं एका दांड्यानं जोडली. इंग्लंडमध्ये त्याचा प्रतिनिधी होता रुडॉल्फ आकरमान. त्यानं १८१८ मध्ये तिथलं पेटंट घेतलं आणि नाव त्याचंच राहिलं. आजही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात "ॲकरमन स्टिअरिंग" असंच लिहिलेलं असतं. कष्ट एकाचे, नाव दुसऱ्याचं, हे तेव्हाही चालायचं.

यात मेख काय होती? गणपतीत ढोलपथक चौकातून वळतं तेव्हा बघा. आतल्या बाजूचे वादक जवळजवळ जागेवरच पाय उचलतात, बाहेरच्या बाजूचे लांब लांब टांगा टाकतात. गाडीचंही तसंच. आतलं चाक लहान गोलावर फिरतं, बाहेरचं मोठ्या. म्हणून आतलं चाक जास्त वळायला हवं, बाहेरचं कमी. दोन्ही सारखीच वळवली तर एक चाक रस्त्यावर घासत जातं. लांकेन्सपेर्गरच्या मांडणीत सांध्यांच्या जागा नीट निवडल्या की हे काम आपोआप होतं.

पण आपल्या कामाचा मुद्दा पुढे आहे. आधी एक खिळा होता, आता जागोजागी सांधे आले. आणि सांधा म्हटला की झीज आली. तुमच्या गाडीत ज्याला टाय रॉड एंड म्हणतात, तो याच दांड्याच्या टोकाचा सांधा. तो झिजला की त्यात "प्ले" येतो, म्हणजे सैलपणा. मग खड्ड्यात चाक आपटलं की "खडखड". काकांचा दुसरा प्रश्न यासाठीच होता. खड्ड्यातही आवाज येत असेल तर आधी खालचे सांधे बघायचे: टाय रॉड, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझरची लिंक.

दांड्यापासून चाकापर्यंत

आता १८८६. कार्ल बेन्झची पहिली मोटारगाडी. तिला चाकं किती होती? तीन. चार चाकं वळवायचा पटेल असा मार्ग तेव्हा बेन्झकडे नव्हता, म्हणून पुढे एकच. पुढे १८९३ मध्ये प्रत्येक चाकाला वेगळा सांधा देणारी रचना त्यानं आपल्या "व्हिक्टोरिया" नावाच्या मोटारीत आणली. म्हणजे घोडागाडीवाल्यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी काढलेली तोड मोटारीला तेव्हा लागू पडली.

आणि चालवणाऱ्याच्या हातात काय असायचं? बहुतेक गाड्यांत दांडा, होडीच्या सुकाणूसारखा. सावकाश चालताना ठीक. वेग वाढला की रस्त्यावरचा प्रत्येक दगड थेट मनगटाला झटका द्यायचा. १८९४ मध्ये पॅरिस ते रुआं अशी मोटारींची स्पर्धा झाली. आल्फ्रेद वाशरों नावाच्या स्पर्धकानं आपल्या पॅनहार्ड गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवलं. १८९८ पासून पॅनहार्ड कंपनी आपल्या गाड्यांना चाकच देऊ लागली.

नुसतं चाक लावून भागत नाही. चाक आणि टायर यांच्यामध्ये दातेरी भाग हवा, म्हणजे हात जास्त फिरेल, टायर कमी वळेल आणि जोर कमी लागेल. याचे दोन मोठे प्रकार झाले. एकात आटे असलेला दांडा असतो, त्याला वर्म म्हणतात. तो एका पेटीत बसून पुढचा भाग फिरवतो. दुसऱ्यात छोटं दातेरी चाक एका सरळ दातेरी पट्टीवर फिरतं. ते चाक म्हणजे पिनियन आणि पट्टी म्हणजे रॅक.

गंमत म्हणजे आपल्याकडे रस्त्यावर हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी धावत होते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाटमध्ये, म्हणजे पुढच्या प्रीमिअर पद्मिनीत, वर्मची पेटी. उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसडरमध्ये रॅक. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या टॅक्सीसेवेतून कायमची बाहेर पडली. पण काकांच्या पिढीचे कान तिच्यावर तयार झाले. वर्म झिजला की स्टिअरिंग थोडं फिरवूनही चाक हलायचं नाही. ते आधी हाताला कळायचं, आवाज नंतर. म्हणून चौथा प्रश्न, हाताला की पायाला? हाताला झटका लागतो म्हणजे बिघाड स्टिअरिंगच्या मार्गात आहे. पायाखालच्या पत्र्याला कंप जाणवतो म्हणजे बहुतेक सस्पेन्शन किंवा त्याचे बुश. हा नियम शंभर टक्के नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते सांगतो.

तेल आलं, नवा आवाज आला

गाड्या जड झाल्या, टायर रुंद झाले. उभी गाडी वळवताना खांदे दुखायचे. पॉवर स्टिअरिंग नसलेली जुनी एसटी कुणी चालवली असेल तर विचारा. त्या बसचं स्टिअरिंग एवढं मोठं कशासाठी होतं? चाक मोठं म्हणजे जोर कमी लागतो, दुसरं काही नाही.

अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर होता. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात त्यानं काम केलं होतं. नोकरी सोडून तो याच प्रश्नामागे लागला. तेलाच्या दाबानं चाक वळवायला मदत करायची, ही कल्पना त्याच्याआधीही होती. अडचण ही, की तेल कायम दाबाखाली कोंडून ठेवलं तर ते गळतं. डेव्हिसनं उलटा विचार केला. तेल सतत मोकळं फिरत राहू दे. स्टिअरिंग फिरवलं की तेवढ्यापुरता झडपेनं रस्ता अडवायचा, मग दाब तयार होईल. १९२६ मध्ये त्यानं अशी गाडी लोकांना चालवून दाखवली.

मग मोटारी लगेच बदलल्या? नाही! जनरल मोटर्सनं डेव्हिसबरोबर काही वर्षं काम केलं. पण मंदी आली आणि १९३४ मध्ये खर्चामुळे प्रकल्प गुंडाळला. महायुद्धात लष्कराच्या जड गाड्यांना ते तंत्र वापरलं गेलं. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळाली ती थेट १९५१ मध्ये, क्रायस्लर इंपीरिअल. म्हणजे गाडी चालवून दाखवल्यापासून पंचवीस वर्षांनी!

आता काकांचा तिसरा प्रश्न आठवा. डेव्हिसच्या मांडणीत तेल सतत फिरतं, म्हणजे पंप सतत चालतो. आणि पंप इंजिनवर चालतो. म्हणून पंपाचा आवाज इंजिनच्या वेगाबरोबर चढतो आणि उतरतो. एक्सलेटर दिल्यावर "घूंऽऽ" वाढत असेल आणि स्टिअरिंग वळवताना आणखी वाढत असेल, तर संशय पंपावर किंवा तेलावर. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, तेलात बुडबुडे होतात, फेस येतो आणि पंप ओरडतो. अशा वेळी थेट नवा पंप घ्यायचा नाही. आधी टाकीतली पातळी बघायची. कमी असेल तर गळती कुठे आहे ते शोधायचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल घालायचं आणि हवा काढायची. हवा काढण्यासाठी पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर टेकवतात आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बऱ्याचदा फिरवतात. बुडबुडे टाकीतून वर येतात.

वळवताना "चीं" अशी किंकाळी आली तर बेल्ट सैल किंवा झिजलेला. आणि स्टिअरिंग अगदी टोकाला नेल्यावर "हिस्स" होतं, तो बिघाड नाही. जास्तीचा दाब सोडणारी झडप उघडते, तिचा तो आवाज. पण टोकाला नेऊन तसंच धरून ठेवू नका, तेल तापतं.

मारुतीबरोबर आलेली टकटक

पहिला प्रश्न राहिला, उभी असताना की चालताना? याचा संबंध आपल्या देशातल्या एका तारखेशी आहे. १४ डिसेंबर १९८३, मारुती ८०० ची पहिली चावी गिऱ्हाइकाच्या हातात पडली तो दिवस.

पद्मिनी आणि ॲम्बॅसडर दोन्हींत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जायची. पुढच्या चाकांचं काम फक्त वळणं. मारुती ८०० मध्ये पुढचीच चाकं ओढणार आणि तीच वळणार. त्यासाठी वळता वळता ताकद पोचवणारा सांधा लागतो, सीव्ही जॉइंट. आत पोलादी गोळ्या असतात, वर रबराचं बूट. बूट फाटलं की ग्रीस बाहेर, माती आत. मग पूर्ण वळण घेत गाडी पुढे नेली की "टक-टक-टक-टक". उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तर हा आवाज येत नाही, चालतानाच येतो. म्हणजे हा आवाज मुळात स्टिअरिंगचा नाहीच! पण वळवतानाच येतो म्हणून दोष स्टिअरिंगला जातो.

याच्या उलट, उभ्या गाडीत वळवताना "टुंग" असा स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज आला तर पुढच्या शॉकअपच्या वरचं बेअरिंग बघायचं. ते अडकलं की स्प्रिंग आधी पिळते आणि मग एकदम सुटते.

पद्मिनीवर तयार झालेल्या मेकॅनिकांना हे सगळे आवाज नवीन होते. काका सांगतात, पहिल्या पहिल्यांदा त्यांनीही सीव्ही जॉइंटच्या टकटकीसाठी टाय रॉड बदलले होते. "कान परत शाळेत घालावे लागले," हे त्यांचं वाक्य.

आणि आता मोटर

१९८८ मध्ये सुझुकीनं जपानमध्ये सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आणलं. ना तेल, ना पंप, ना बेल्ट. स्टिअरिंगच्या दांड्यालाच एक मोटर, ती लागेल तेवढीच मदत करते. म्हणून इंजिनवरचा भार कमी होतो. आज तुमच्या-माझ्या बहुतेक छोट्या गाड्यांत हेच असतं. त्यामुळे कुणी इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीत "पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बदलू का?" असं विचारलं तर ओळखा, काहीतरी गडबड आहे.

पण आवाज गेले का? नाही. मोटरची ताकद दांड्यापर्यंत पोचवायला पुन्हा वर्मच लागला, पद्मिनीतल्या पेटीचा धाकटा भाऊ! तो झिजला की खराब रस्त्यावर डॅशबोर्डच्या आतून बारीक खडखड येते. चाकाच्या अगदी मागून "खसखस" येत असेल तर तिथे एअरबॅगची गुंडाळलेली तार असते, तिचा संशय. तिथे मात्र स्वतः हात घालायचा नाही. एअरबॅग उडाली तर जिवावर बेतू शकतं.

माझ्या गाडीचं काय झालं?

मी दिलेली उत्तरं अशी होती. उभी असतानाही येतो. खड्ड्यात सहसा नाही, वळवतानाच. एक्सलेटरनं फरक नाही. आणि हाताला लागतो, स्पष्ट.

काकांनी मला आत बसवलं. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकं जमिनीवर. म्हणाले, "घड्याळात अकरा ते एक, एवढंच हलव. जास्त नाही." मी हलवत राहिलो. त्यांनी पेडलच्या वरून खाली जाणाऱ्या दांड्याला हात लावला, मग त्याच्या खालच्या सांध्याजवळ. वरचा भाग हलत होता. खालचा किंचित उशिरा हलत होता. तेवढ्याच क्षणाला "खट्".

मग त्यांनी पाचवा प्रश्न विचारला, "या गाडीचं खालचं काम कधी झालं होतं का?" झालं होतं. वर्षभरापूर्वी पुढून ठोकली होती तेव्हा.

स्टिअरिंगचा दांडा रॅकला जिथे जोडतो तिथे एक सांधा असतो आणि त्याला आवळून धरणारा एक बोल्ट. तो बोल्ट सैल झाला होता. काका एवढंच म्हणाले, "ही गाडी आता इथून हलवायची नाही." मेकॅनिकला पार्किंगमध्येच बोलावलं. त्यानं सांधा काढून आतले दाते झिजलेत का ते पाहिलं. ते शाबूत होते. नवा बोल्ट घालून टॉर्क रेंचनं ठरलेल्या मापानं आवळला. "खट्" बंद.

आता विचार करा. गॅरेजच्या सांगण्यावरून मी रॅक बदलली असती तरी आवाज गेला असता! कारण रॅक काढताना तोच बोल्ट उघडावा लागतो आणि बसवताना परत आवळावा लागतो. मी पैसे दिले असते, खूश झालो असतो आणि खरं कारण मला कधीच कळलं नसतं. आणि काहीच केलं नसतं तर? तो बोल्ट पूर्ण निसटला असता तर हातातलं चाक नुसतं फिरत राहिलं असतं आणि पुढची चाकं जिकडे जायची तिकडे गेली असती. खंबाटकी घाटात. मागच्या सीटवर आई-बाबा.

म्हणून या भागातून एवढं घेऊन जा. स्टिअरिंगचा नवा आवाज आला की गाणी बंद करा, चार प्रश्न विचारा आणि उत्तरं फोनमध्ये लिहून गॅरेजला जा. जमलं तर आवाज रेकॉर्डही करा. कुणी मोठा भाग बदलायला सांगितला तर नम्रपणे म्हणा, "दादा, प्ले कुठे आहे तो हात लावून दाखवा ना." चांगला मेकॅनिक आनंदानं दाखवतो. टाय रॉड किंवा रॅक बदलली तर व्हील अलाइनमेंट करून घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. आणि स्टिअरिंगला सैलपणा जाणवला तर "उद्या बघू" नाही, त्याच दिवशी.

साताऱ्याला आम्ही गेलो, एका आठवड्यानं. घाट चढताना मी गाणी लावली नाहीत. बाबांनी विचारलं, "टेप बिघडलाय का रे?" म्हटलं, "नाही, ऐकतोय."

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सांभाळून चालवा.